टर्मिनलमधलं १९६८

परवा शनिवारी सकाळी, पहिला चहा व्हायच्या आतच मावसभावाचा फोन. "दादा, टर्मिनल उघडूनच नाही राहिलं. आयकॉनवर क्लिक केलं की गोल गोल फिरते अन् बंद. काय करू?"

हा भाऊ गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षक आहे. शाळेला कुणीतरी जुने कॉम्प्युटर दिले, त्यांवर त्याने स्वतः खटपट करून उबुंटू टाकलं. त्याच्या वर्गातली बरीच पोरं घरी माडिया बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आणि इंग्रजी त्यांच्यासाठी तिसरी भाषा. तेव्हा स्क्रीन निदान मराठीत असावा एवढीच त्याची इच्छा. पहिलं मशीन त्याने नेट असलेल्या गावी नेऊन नीट मराठी केलं. बाकीच्यांवर मात्र शॉर्टकट मारला. सेटिंगची एक फाइल असते, त्यात इंग्रजीचं नाव खोडून मराठीचं लिहिलं आणि मशीन रीस्टार्ट केलं. मराठी तर आली नाहीच, वर टर्मिनलही गेलं!

"मुख्याध्यापक म्हणतात, राहू द्या इंग्रजीच. मराठी केल्यानं मशीन बिघडते," भाऊ म्हणाला.

हे वाक्य मला लागलं. बिघाड कुणाचा आणि नाव कुणाचं? म्हटलं थांब, आधी नीट बघू.

टर्मिनल उघडत नसेल तर पहिली अडचण ही की दुरुस्तीच्या कमांड द्यायच्या कुठे? घराची किल्ली घरातच राहावी तसा प्रकार. पण लिनक्सला मागचं दार असतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबलं की खिडक्या-बिडक्या सगळ्या गायब होतात आणि काळा पडदा येतो. तिथे लॉगिन करून सिस्टिमचा लॉग पाहायचा. मी सांगितलं तसं त्याने केलं आणि फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवलं. मतितार्थ असा: यूटीएफ-८ नसलेलं लोकेल चालत नाही. आणि कंसात त्या न चालणाऱ्या लोकेलची लिपी: एएनएसआय एक्स३.४-१९६८.

"दादा, हे १९६८ काय आहे? ह्या मशीनची तारीख बिघडली का?"

नाही रे बाबा. ते खरंच १९६८ आहे. आणि त्यामागची गोष्ट इतकी भारी आहे की आजचा लेख तिच्यावरच.

भावाच्या त्या काळ्या पडद्यावर वर लिहिलेलं असतं टीटीवाय३. टीटीवाय म्हणजे टेलिटाइप. तारेवरून मजकूर पाठवणारा टंकलेखन यंत्राचा भाऊ. त्याचं मूळ आणखी मागे, फ्रान्समधल्या एमिल बोदोपर्यंत जातं. १८७४ साली त्याने पेटंट घेतलेल्या पद्धतीत प्रत्येक अक्षर पाच खुणांचं होतं. पाच खुणांत जुळण्या होतात फक्त ३२. रोमन अक्षरं २६, तेव्हा त्यांचं भागलं. आकड्यांसाठी शिफ्टची युक्ती करावी लागली. आपल्या बाराखडीला आणि जोडाक्षरांना त्या ३२ घरांत जागा कुठून मिळणार? म्हणजे यंत्राच्या जन्मापासूनच घर रोमन अक्षरांच्या मापाने बांधलेलं.

पुढे १९६३ साली अमेरिकेत आस्की हे कोष्टक ठरलं. सात बिट, १२८ जागा. त्याच वर्षी टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र आलं. सेकंदाला दहा अक्षरं छापायचं, तीही फक्त कॅपिटल. १९६८ मध्ये आस्कीची सुधारित आवृत्ती निघाली, तिचंच सरकारी नाव एएनएसआय एक्स३.४-१९६८. त्याच वर्षी मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी अमेरिकी सरकारच्या नव्या कॉम्प्युटरना आस्की आलंच पाहिजे असा आदेश काढला. आणि पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली, ती असल्याच टेलिटाइपसमोर बसून. एलएस, सीपी, एमव्ही अशा दोन-दोन अक्षरी कमांड का, याचं एक उत्तर इथे आहे. सेकंदाला दहा अक्षरं छापणाऱ्या खडखडाटी यंत्रावर कोण लांबलचक शब्द टाइप करत बसणार?

नंतर कागद जाऊन काच आली. १९७८ साली डेक कंपनीचं व्हीटी१०० आलं. मग ते यंत्रही गेलं आणि त्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअर आलं. १९८४ साली सुरू झालेलं एक्सटर्म हे त्यातलं जुनं नाव, आजही चालतं. आपण आज टर्मिनल म्हणून जी खिडकी उघडतो ती व्हीटी१०० च्या वंशातली, आणि व्हीटी१०० टेलिटाइपच्या वंशातलं. आपल्याकडची तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण टीटीवाय हे नाव तारेच्या यंत्राची आठवण म्हणून प्रत्येक लिनक्स मशीनमध्ये शिल्लक आहे.

आता या सगळ्यात आपण कुठे होतो? तर पुण्यात! भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं काम ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं. १९८८ साली पुण्यात सीडॅक स्थापन झाली आणि ते काम जिस्ट या नावाने तिथे वाढलं. पीसीमध्ये बसवायचं जिस्ट कार्ड बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. पण सीडॅकने जिस्ट टर्मिनलही केलं होतं. म्हणजे युनिक्सच्या मोठ्या मशीनला जोडायचं, देवनागरी दाखवणारं टर्मिनल. त्यामागचं कोष्टक म्हणजे इस्की, १९९१ चं भारतीय मानक १३१९४. त्यातली हुशारी साधी होती. आस्कीच्या १२८ जागांना हात लावायचा नाही, आठवा बिट वापरून वरच्या १२८ जागांत भारतीय अक्षरं बसवायची. आणि सगळ्या ब्राह्मीकुळातल्या लिप्यांना एकच क्रम. क च्या जागी क, मग लिपी मराठीची असो की तेलुगूची.

१९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. तेव्हा कुणी "युनिकोड बाहेरून आलं" म्हणालं तर हे सांगा. मग सप्टेंबर १९९२ मध्ये त्याच केन थॉम्पसनने रॉब पाइकबरोबर न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात जेवताना टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-८ ची रचना मांडली. ज्या माणसाने टेलिटाइपवर युनिक्स लिहिलं, त्यानेच त्यात जगभरच्या अक्षरांना जागा करून दिली. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये, देवनागरी तीन बाइटमध्ये.

तर आता भावाचा बिघाड. त्याने फाइलमध्ये मराठीचं नाव लिहिलं, पण मराठीचं लोकेल मशीनवर तयारच केलेलं नव्हतं. लोकेल म्हणजे त्या भाषेची नियमांची वही. महिने, वार, आकडे कसे लिहायचे, अक्षरं कशी ओळखायची. वही सापडली नाही की सिस्टिम गुपचूप जुन्या मुक्कामावर परत जाते, म्हणजे १९६८ च्या आस्कीवर. आणि आजचं ग्नोम टर्मिनल आस्कीला घरात घेतच नाही. दारातूनच परत. म्हणजे मराठीमुळे टर्मिनल बंद पडलं नव्हतं. मराठी नसल्यामुळे पडलं होतं!

उपाय एका ओळीचा. त्या काळ्या पडद्यावर सुडो लावून लोकेल-जेन आणि पुढे मराठीचं नाव. वहीचा कच्चा मजकूर मशीनवर आधीच असतो, त्यामुळे नेट लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण एवढं बोलेपर्यंत आमचा फोन तीनदा कटला होता. रीस्टार्ट केल्यावर टर्मिनल उघडलं. डेट म्हटल्यावर महिन्याचं नाव मराठीत आलं. मेनू मराठी व्हायला वेगळं लँग्वेज पॅक लागतं, ते तो पेनड्राइव्हवरून टाकणार आहे.

(तुमचंही कधी अडलं तर: लोकेल ठीक असेल तर सिस्टिमचं पायथन कुणी बदललं का बघा, कारण उबुंटूत टर्मिनल सुरू करणारी स्क्रिप्ट त्यावर चालते. खिडकी उघडून लगेच मिटत असेल तर शेलचा पत्ता चुकलेला असतो. पण आधी लॉग वाचा. अंदाजाने री-इन्स्टॉल करू नका.)

एक गंमत राहिली. ज्या काळ्या पडद्यावर आम्ही मराठी दुरुस्त केली, तिथे मराठी दिसत नाही. लिनक्सच्या त्या मूळ कन्सोलला जास्तीत जास्त ५१२ आकृत्या माहीत असतात, आणि जोडाक्षरं जुळवायची कशी हे त्याला कळत नाही. नुसते चौकोन. वरच्या मजल्यावर आपण राहायला आलोय, तळघर अजून त्यांच्याच मापाचं आहे.

हे सांगितल्यावर भाऊ म्हणाला, "अन् माडियाचं काय दादा?"

खरंय. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी केलेली लिपी २०१७ मध्ये युनिकोडात आली, गुंजाला गोंडी २०१८ मध्ये. अक्षरांना नंबर मिळायलाच जवळपास शंभर वर्षं. पण नंबर ही फक्त सुरुवात. फॉन्ट, कीबोर्ड, ती नियमांची वही, हे सगळं कुणीतरी बसून करावं लागतं. मराठीचंही कुणीतरी बसून केलं, म्हणून काल एका ओळीत काम झालं. आणि लोकेल ही शेवटी साधी टेक्स्ट फाइल असते. बारा महिन्यांची नावं, सात वारांची नावं. त्यासाठी इंजिनिअर कमी लागतो, भाषा येणारा माणूस जास्त.

मी त्याला तेच सांगितलं. सोमवारी तो वर्गात पोरांना विचारणार आहे, घरी वारांना आणि महिन्यांना काय म्हणता ते. वही मात्र कागदाचीच, सध्या तरी. टाइप करायला मी आहे.

आणि हो, मुख्याध्यापकांना १९६८ ची गोष्ट सांगायचं कामही त्याच्याकडेच. :)