बंगळुरूत मुक्काम : मध्यवर्ती ठिकाण नेमके कोणते?

परक्या शहरात जाताना मध्यवर्ती भागात उतरावे, हा सल्ला बहुतेक प्रवासी प्रमाण मानतात. युरोपात प्राग किंवा फ्लॉरेन्ससारख्या शहरांत तो उपयोगीही पडतो. तेथे जुने नगर, मुख्य चौक आणि रेल्वे स्थानक ही सारी ठिकाणे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. बंगळुरूच्या बाबतीत मात्र हा सल्ला फसवा ठरतो, कारण या शहराला एकच मध्य नाही.

याचे मूळ इतिहासात आहे. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसवलेली पेठ, म्हणजे आजचा चिकपेट आणि अव्हेन्यू रोडचा परिसर, हे मूळ नगर होय. विजापूरच्या फौजेने १६३८ मध्ये ते जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. ब्रिटिशांनी १८०९ मध्ये या पेठेपासून काही अंतरावर लष्करी छावणी उभारली. पेठ आणि छावणी यांचा नागरी कारभार १९४९ पर्यंत स्वतंत्र होता. दोहोंच्या मध्ये पसरलेले कब्बन पार्क आजही या विभागणीची साक्ष देते. त्यामुळे एका बाजूस मॅजेस्टिक आणि दुसऱ्या बाजूस महात्मा गांधी मार्ग अशी दोन केंद्रे निर्माण झाली. गेल्या काही दशकांत त्यात पूर्वेकडील व्हाइटफील्ड आणि दक्षिणेकडील इलेक्ट्रॉनिक सिटी यांची भर पडली. या ठिकाणांमधील अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यापेक्षा तासांमध्ये मोजणेच अधिक व्यवहार्य आहे.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांची पहिली पसंती अर्थातच मॅजेस्टिकला असते. मुंबई-पुणे-सोलापूरमार्गे येणारी उद्यान एक्सप्रेस आणि मिरजेकडून येणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस या गाड्या येथील क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा स्थानकात येतात. समोरच केंपेगौडा बसस्थानक आहे, तर लगतच्या गांधीनगरात लॉज मोठ्या संख्येने आहेत. मेट्रोच्या जांभळ्या आणि हिरव्या मार्गिका याच ठिकाणी एकमेकींना छेदतात. परिसर गजबजलेला असून रस्त्याकडेच्या खोल्यांत शांत झोपेची अपेक्षा करू नये. परंतु एक-दोन दिवसांच्या कामासाठी ही जागा गैरसोयीची नाही. तिकीट काढताना मात्र स्थानकाचे नाव नीट पाहावे. काही गाड्या यशवंतपूर येथे, तर काही शहराच्या पूर्व भागात बैय्यप्पनहळ्ळी येथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनसवर थांबतात. विमानतळ तर देवनहळ्ळी येथे, शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. तेथपर्यंत मेट्रो अद्याप पोहोचलेली नाही, त्यामुळे वायुवज्र बस किंवा टॅक्सी हेच पर्याय उरतात.

निवासाची निवड सर्वाधिक महत्त्वाची ठरते ती उपचारांसाठी येणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने. पर्यटकाची चुकीची निवड एखादी संध्याकाळ वाया घालवते; रुग्णाच्या बाबतीत मात्र सकाळची नोंदणीची वेळ हुकते आणि मुक्काम वाढतो. निम्हान्स आणि किडवाई कर्करोग संस्था होसूर रस्त्याच्या परिसरात एकमेकींजवळ आहेत. त्यांच्यासाठी विल्सन गार्डन किंवा जयनगर हे भाग सोयीचे आहेत. जयदेव हृद्रोग संस्था बन्नेरघट्टा रस्त्यावर, नारायणा हेल्थ सिटी बोम्मसंद्र येथे, तर सत्य साई उच्च वैद्यकीय विज्ञान संस्था व्हाइटफील्डमध्ये आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही पिवळी मार्गिका सुरू झाल्यापासून जयदेव आणि बोम्मसंद्र ही दोन्ही ठिकाणे मेट्रोने जोडली गेली आहेत. सत्य साई रुग्णालयाच्या नावाचे स्थानक जांभळ्या मार्गिकेवर आहे. तरीही पहाटे रांगेत उभे राहायचे असेल, तर रुग्णालयालगतच खोली घेणे श्रेयस्कर. शहराच्या दुसऱ्या टोकाची स्वस्त खोली रिक्षाचे भाडे धरता स्वस्त राहत नाही. काही रुग्णालयांच्या आवारात किंवा लगत धर्मशाळा आहेत. तेथील प्रवेश बहुधा रुग्णालयाच्या कागदपत्रांवर अवलंबून असतो, म्हणून समाजसेवा विभागाकडे आधीच विचारणा करावी.

भटकंतीसाठी येणाऱ्यांना या लेखकाच्या मते मल्लेश्वरम् किंवा बसवनगुडी हे जुने भाग अधिक मानवतील. सावलीचे रस्ते, देवळे, बाजार आणि उभ्यानेच खाण्याच्या दर्शिनी यांमुळे शहराची ओळख तेथे लवकर होते. महात्मा गांधी मार्गाचा परिसर तुलनेने महाग आहे. कामानिमित्त व्हाइटफील्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीत जाणाऱ्यांनी तेथेच उतरावे, याविषयी दुमत नसावे.

खोली ठरवताना आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. येथे 'हॉटेल' ही पाटी पुष्कळदा केवळ उपाहारगृहाची असते. राहण्याच्या सोयीसाठी 'लॉज' हा शब्द शोधावा. रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचणाऱ्यांनी खोली दुपारी बारापासून मिळणार की आल्या वेळेपासून चोवीस तासांसाठी, हे आधी विचारावे. दरात कर धरला आहे काय, हेही स्पष्ट करून घ्यावे : २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. येलहंका येथील हवाई तळावर विषम वर्षांच्या फेब्रुवारीत भरणाऱ्या एरो इंडिया प्रदर्शनाच्या काळात खोल्यांची चणचण भासते. सोबत परदेशी पारपत्र असलेले नातेवाईक असतील, तर त्यांची नोंद चोवीस तासांत ऑनलाइन करणे निवासचालकास बंधनकारक आहे. छोट्या लॉजमध्ये ही व्यवस्था नसल्यास ऐनवेळी प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

मुक्काम महिनाभराचा असल्यास पाण्याची चौकशी अवश्य करावी. २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्याने शहराच्या बाह्य भागांतील अनेक वसाहती टँकरवर अवलंबून होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा कार्यान्वित झाला. तरीही इमारतीला कावेरीचे पाणी येते की कूपनलिकेचे, हा प्रश्न मार्च ते मे या काळात भाड्याइतकाच महत्त्वाचा असतो.