जाड पत्र्याचा भ्रम

‘जुन्या गाड्या म्हणजे नुसते लोखंड! आताच्या गाडीला जरा धक्का लागला की पोचा पडतो.’ अ‍ॅम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येते. त्यावरून, अपघातात जुनी गाडीच माणसाला वाचवते, असे मानले जाते. पत्रा जाड होता हे खरे. पण अनुमान साफ चुकीचे आहे.

२००९ साली अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने १९५९ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची शेव्हरोले मालिबू सेडान समोरासमोर आदळवल्या. दोघींचा वेग ताशी ६४ किलोमीटर, वजने जवळपास सारखी. बेल एअरची केबिनच चेपली आणि स्टीअरिंग चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावर घुसले. तिथे माणूस असता तर बहुधा दगावला असता. मालिबूचा पुढचा भाग चुरगळला, पण केबिन शाबूत राहिली. तिच्या चालकाचे पायाच्या इजेवर निभावले असते.

कारण साधे आहे. ताशी ६४ किलोमीटर वेगाने जाणारे शरीर अर्ध्या मीटरमध्ये थांबले तर त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३२ पट जोर येतो. एक मीटर मिळाला तर १६ पट. हे अंतर मिळावे म्हणून गाडीचे नाक मुद्दाम चुरगळणारे आणि केबिन न दबणारी ठेवतात. धडकेनंतर जुन्या गाडीचा बंपर धड दिसतो, तेव्हा तो धक्का आतल्या माणसाने सोसलेला असतो.

कोणी म्हणेल, बेल एअरची चौकटच कमकुवत होती. मान्य, पण सीटबेल्ट, एअरबॅग आणि ठरवून चुरगळणारे नाक त्या काळच्या बहुतेक गाड्यांत नव्हतेच. अभियंते बेला बॅरेनी यांची चुरगळत्या भागाची कल्पना मर्सिडीझने उत्पादनात आणली ती १९५९ साली, आणि व्होल्व्होचा तीनबिंदू पट्टाही त्याच वर्षीचा. आपली अ‍ॅम्बॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून, तर पद्मिनी फियाट ११००वरून आली. दोन्हींचे मूळ आराखडे पन्नासच्या दशकातले, म्हणजे हे विचार रुजण्याआधीचे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नवी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, असेही नाही. २०१४ साली गाड्यांची धडक-चाचणी घेऊन त्यांना तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने तपासलेल्या पाच भारतीय छोट्या गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले होते. म्हणून कसोटी वयाची नको आणि पत्र्याच्या जाडीचीही नको; कसोटी हवी ती प्रत्यक्ष धडकेची. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. त्याच महिन्यात आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली.

जुनी गाडी प्रेमाने जपावी, मिरवावी. महामार्गासाठी गाडी घेताना मात्र दारावर टिचकी मारून पाहू नका. तिचे तारे पाहा, आणि मागच्या सीटवर बसलात तरी पट्टा बांधा.