जुना तानपुरा नेमका किती जुना?

जबलपूरच्या घमापूर भागातील एखाद्या मराठी घरात पणजोबांच्या काळचा मिरजी तानपुरा कोपऱ्यात उभा असेल, तर त्याचे जुनेपण कशात मोजावे? खरेदीच्या सालात, लाकडात, की आवाजात? मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही.

मिरजेची ही कला मुळात शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. संस्थानी फौजा ओसरल्या, तलवारीची मागणी आटली आणि १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार वाद्यदुरुस्तीतून वाद्यनिर्मितीकडे वळले. सोलापूर जिल्ह्यातील मोठाले भोपळे, तुनीचे लाकूड आणि कानशीवर बसलेला हात यांतून तानपुरा उभा राहू लागला. पुढे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि कारागिराच्या शेजारी चोखंदळ कानही आला.

लाकूड काळाबरोबर बदलते, हे खरे. त्यातील हेमीसेल्युलोज हळूहळू विघटित होते, ओलावा शोषण्याची क्षमता घटते. परंतु त्यामुळे आवाज सुधारतोच, असे सिद्ध झालेले नाही. क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे आणि २०१२ मध्ये पॅरिसजवळ व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर गडद चष्मे चढवून परीक्षा घेतली. पॅरिसच्या चाचणीत दहा नामवंत एकल वादकांपैकी सहा जणांनी नवे वाद्य पसंत केले. स्ट्राडिव्हरीची व्हायोलिने त्यांच्या पुढ्यात असूनही हे घडले.

तानपुऱ्याची गोष्ट याहूनही निराळी आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणा यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्या स्वरांशांचा निस्पंद असतो, ते ऐकू येऊ नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे. तानपुऱ्यात मात्र ते स्वरांश स्पष्ट उमटतात, असे रामन यांनी दाखवले. याचे कारण घोडीचा रुंद, किंचित बाकदार माथा. कंप पावणारी तार त्या बाकावर क्षणोक्षणी टेकते आणि उचलली जाते. तिची कंप पावणारी लांबी सतत बदलते आणि ऊर्जा वरच्या स्वरांशांकडे सरकत राहते. घोडी आणि तार यांच्यामधील सुताचा दोरा केसभर सरकवला, तरी हा समतोल बदलतो. हीच जवारी.

अडचण अशी की, तानपुऱ्याचा प्राण असलेला हा बाक टिकाऊ नाही. तारेच्या घर्षणाने त्यावर बारीक चरे पडतात आणि आवाज बसतो. मग कारागीर कानस घेऊन बाक पुन्हा घडवतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तारा तर त्याहूनही लवकर बदलतात. म्हणजे शंभर वर्षांच्या तानपुऱ्यात दांडी, तबली आणि भोपळा शंभर वर्षांचे असतील. आवाज मात्र शेवटच्या जवारीइतकाच जुना. कित्येकदा घोडीही मूळची राहत नाही. पूर्वी तिच्यासाठी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनी तो व्यापार बंद झाला, तेव्हा हाडे, लाकूड आणि कृत्रिम पदार्थ पुढे आले.

म्हणून वाद्याचे जुनेपण केवळ वस्तूत शोधणे अपुरे ठरते. खरा जुना तानपुरा तो, ज्याची निगा पिढ्यान् पिढ्या खंडित झालेली नाही. त्याच्यात वारसा आहे तो कारागिराच्या बोटांचा आणि कानाचा. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. त्या कानाला नाही. आज स्वर धरायला मोबाइलवरील तानपुरा पुरेसा वाटतो आणि जवारी काढणाऱ्याकडे जाणारी पावले कमी होतात. घमापुराहून मिरज रस्त्याने हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. ते अंतर कापून वाद्य कारागिराच्या मांडीवर पोहोचले, तर ते पुन्हा बोलेल. ती मांडीच उरली नाही, तर कोपऱ्यातील तानपुरा कितीही जुना असला, तरी ते सुबक लाकूड आणि वाळलेला भोपळा एवढेच राहील.