ज्ञानदेवतेचा तुटलेला दात

ज्ञानाला देवत्व बहाल करण्याची मानवाची प्रवृत्ती फार जुनी आहे. ईजिप्तमध्ये लेखनकलेचा स्वामी म्हणून थोथ पूजिला जाई. ग्रीकांच्या अथेनेकडे बुद्धी आणि कलाकौशल्य यांचे अधिष्ठातृत्व होते. इस्राएलचा देव एकच. तरीही तेथील ज्ञानसाहित्यात ज्ञान स्त्रीरूप धारण करून नगराच्या वेशीपाशी उभे राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना हाक मारते. नीतिसूत्रांचा आठवा अध्याय वाचकांच्या परिचयाचा आहेच. एखाद्या समाजाने आपल्या ज्ञानदेवतेच्या हाती काय दिले आणि तिच्या पायाशी कोणाला बसविले, यावरून त्या समाजाची ज्ञानाविषयीची धारणा कळते. या दृष्टीने आपल्या मराठवाड्याचा इतिहास चाळून पाहण्याजोगा आहे.

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाताना लागणारे पाचोड हे मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव. ते पैठण तालुक्यात मोडते. प्रतिष्ठान या नावाने प्राचीन काळी गाजलेले पैठण याच तालुक्यात आहे, आणि ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे आपेगावही याच तालुक्यात, गोदावरीच्या काठी आहे. पाचोडच्या वायव्येस वेरूळची लेणी आहेत, तर पश्चिमेस प्रवरेच्या तीरावर नेवासे. या टापूत सुमारे हजार वर्षांच्या अवधीत ज्ञानाची रूपे प्रथम पाषाणात आणि पुढे शब्दांत घडविली गेली.

आरंभ वेरूळपासून करू. तेथील पहिली बारा लेणी बौद्धांची असून ती स्थूलमानाने इसवी सनाच्या सातव्या आणि आठव्या शतकांतील आहेत. सहाव्या लेण्यात महामायूरीची मूर्ती आहे. तिच्याजवळ मोर आहे, आणि खाली एक वाचक पोथी पुढे घेऊन बसलेला आहे. मोर आणि पोथी पाहून अनेकांना सरस्वतीची आठवण होते. परंतु महामायूरीचे मूळ निराळे आहे. स्वाती नावाच्या भिक्षूला सर्पदंश झाला तेव्हा बुद्धाने आनंदाला जी विद्या शिकविली, तीच महामायूरी, असे बौद्ध परंपरा सांगते. विषावरचा उतारा म्हणून आलेली ही विद्या पुढे देवतारूप पावली. अज्ञान हे विष आहे आणि विद्या त्यावरचे औषध, हा अर्थ त्या मूर्तीत सहज वाचता येतो. शिल्पकाराने देवीच्या पायाशी राजा किंवा धनिक न बसविता वाचनात गढलेला एक माणूस बसविला, हे विशेष होय.

याच डोंगरात उत्तरेच्या टोकाला जैन लेणी आहेत. ती नंतरची, मुख्यतः नवव्या-दहाव्या शतकांतील. त्यांतील इंद्रसभा या नावाने प्रसिद्ध असलेल्या बत्तिसाव्या लेण्यात बाहुबलीची मूर्ती आहे. ध्यानात निश्चल उभा राहिलेला हा राजपुत्र. त्याच्या हातापायांना वेली वेढून राहिल्या आहेत. बाहुबलीने भाऊ भरत याला युद्धात जिंकले आणि जिंकलेले राज्य सोडून दिले. वर्षभर उभ्याने तप करूनही त्याला केवलज्ञान होईना. मनातील अहंकाराचे अखेरचे शल्य निघाले तेव्हाच ते झाले, असे एका कथेत सांगितले आहे. 'जिन' या शब्दाचा अर्थच जिंकणारा असा आहे, आणि येथे जिंकायचे ते स्वतःला. महामायूरीच्या पायाशी अध्ययन आहे, तर बाहुबलीच्या ठायी आत्मजय. ज्ञानाला या दोहोंची गरज असते.

यानंतर तीनचार शतकांनी, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या आरंभीचे गणेशवंदन मराठी साहित्यातील एक अपूर्व कल्पनाशिल्प आहे. येथला गणेश संपूर्ण वाङ्मयाचा घडलेला आहे. अकार, उकार आणि मकार यांनी त्याचे चरण, उदर आणि मस्तक झाले आहे. स्मृती हे त्याचे अवयव, अठरा पुराणे हे अलंकार, दोन मीमांसा हे कान आणि विवेक ही सोंड. सहा दर्शने हे त्याचे सहा हात. तर्काचा परशू आणि वेदांताचा मोदक त्याने हातांत धरला आहे. ज्ञान हाच ज्याचा देह, असा हा देव एका तरुण कवीने केवळ प्रतिभेच्या बळावर उभा केला.

या मूर्तीतील एक तपशील मात्र थांबून पाहावा असा आहे. गणेशाच्या एका हातात तुटलेला दात असतो. तो दात म्हणजे वार्तिककारांनी खंडित केलेले बौद्ध मत, असे ज्ञानेश्वर म्हणतात. ज्या डोंगरात महामायूरी कोरली गेली, तेथून नेवासे काही फार दूर नाही. त्या काळापर्यंत तेथील भिक्षूंचा अध्ययनघोष कधीच थांबला होता. वादात पराभूत ठरलेल्या विचाराची खूण म्हणून तो दात आला आहे, याविषयी संदेह नको. तथापि तो टाकून दिलेला नाही. खंडित का होईना, पण ते मत ज्ञानदेवतेच्या एका हातात आहे, आणि त्यावाचून सहा हातांची गणना पूर्ण होत नाही. आणि जो दात अभंग आहे, त्याला कवीने काय म्हटले? संवाद. समता हा त्या दाताचा शुभ्र वर्ण. वादातून एक दात तुटला, संवादाचा मात्र टिकला.

अशा देवाचे पूजन कोणत्या उपचाराने करावे, याचे उत्तर तेराव्या अध्यायात सापडते. गीतेने तेथे ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत आणि ती सारी आचरणाची आहेत: निगर्वीपणा, दंभाचा अभाव, अहिंसा, क्षमा, सरळपणा, स्थैर्य, आत्मविनिग्रह. मूळ श्लोक मोजके आहेत, पण ज्ञानेश्वरांनी हा अध्याय अकराशेहून अधिक ओव्यांपर्यंत विस्तारला. अहिंसक पुरुष पाऊलसुद्धा इतक्या हळुवारपणे टाकतो की पाण्यावरची लाटही मोडू नये, अशी त्यांची उपमा आहे. ज्या पैठणच्या धर्मपीठापुढे, परंपरा सांगते त्याप्रमाणे, संन्याशाची मुले म्हणून या भावंडांना शुद्धीसाठी उभे राहावे लागले, त्या पैठणच्या पांडित्याला दिलेले हे शांत उत्तर मानावयास हरकत नाही. पांडित्य पाठांतराने येते. ज्ञान ओळखायचे ते वागणुकीवरून.

पुढे पैठणच्याच एकनाथांनी हे तत्त्व आचरून दाखविले. तीन शतकांच्या हस्तलेखनात ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती पडताळून तिचे शुद्धीकरण केले, आणि यापुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये असे बजाविले. स्वतः थोर कवी असूनही दुसऱ्याच्या ग्रंथात आपला शब्द न घालणे हा ग्रंथसंपादनातील आत्मविनिग्रहच होय.

एकनाथ १५९९ मध्ये निवर्तले. त्यानंतर सतराव्या वर्षी, १६१६ साली, गोव्यात राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. इंग्लंडहून आलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने ख्रिस्तकथा सांगण्यासाठी मराठी भाषा निवडली, ओवी छंद निवडला आणि आरंभीच्या वंदनाची रीतही स्वीकारली. त्यांचा विश्वास निराळा होता आणि तो त्यांनी लपविला नाही. परंतु परक्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसल्यावाचून असा ग्रंथ लिहिता येत नाही. वेरूळच्या सहाव्या लेण्यातील तो अनाम वाचक आणि मराठीचा अभ्यास करणारा हा परदेशी पाद्री यांची बैठक एकच आहे.

आज धर्माधर्मांतील बोलणे पुष्कळदा वादानेच सुरू होते आणि वादानेच संपते. अशा वेळी या भूमीतील ज्ञानदेवतेची ती शब्दमूर्ती आठवावी. आपल्याला न पटलेले मतही तिने हातातून सोडलेले नाही, आणि तिच्या मुखात शाबूत राहिलेला दात संवादाचा आहे.