लँकॅस्टर येथील नकार

उत्तर अमेरिकेंतील मूळ रहिवाशांच्या शिक्षणाचा विषय निघाला कीं, १७४४ सालची एक गोष्ट हटकून सांगण्यांत येते. त्या वर्षीं पेनसिल्व्हेनियांतील लँकॅस्टर येथें इंग्रज वसाहती व इरोक्वॉय लोकांचीं सहा राष्ट्रें यांच्यामध्यें तह झाला. पुढें दुभाषे मिळावे म्हणून व्हर्जिनियाच्या वकिलांनीं तीनचार मुलें शिक्षणासाठीं मागितलीं. ओनोन्डागांचा वक्ता कनासटेगो यानें नकार दिला. बेंजामिन फ्रँकलिन याच्या १७८४ मधील निबंधांत या नकाराचा मोठा विस्तार आहे: इंग्रजी शाळेंतून परतलेलीं मुलें ना शिकारीच्या कामाचीं, ना मसलतीच्या, उलट व्हर्जिनियाच्या सरदारांनींच आपले पुत्र धाडावे!

परंतु तहाच्या वृत्तांतांत हा उलट देकार आढळत नाहीं. तेथील उत्तर आटोपशीर आहे. मुलांवर प्रेम फार, इतक्या दूर त्यांस धाडवत नाहीं. आपल्या लोकांस मुलांना विद्या देण्याची ओढ नाहीं. चालीरीति निराळ्या, तरी क्षमा असावी. आमच्या मतें हा साधा मजकूरच अधिक मोलाचा होय. दुभाषाच्या मुखांतून आलेल्या 'विद्या' या शब्दाचा अर्थ येथें पुस्तकी विद्या इतकाच घेतला पाहिजे. शिंपल्यांच्या मण्यांचे पट्टे हातीं घेऊन कलमागून कलम मुखोद्गत सांगणारा समाज अशिक्षित कसा म्हणावा?

त्याच पेनसिल्व्हेनियांत १८७९ मध्यें कॅप्टन रिचर्ड प्रॅट यानें कार्लाइल येथें निवासी शाळा काढली. तेथें मुलांचे केस कापीत, नांवें बदलीत आणि स्वभाषा बोलूं देत नसत. १८९३ च्या कायद्यानें मुलें न धाडणाऱ्या आईबापांचा शिधा रोखण्याची मुभा सरकारास मिळाली. हा शिधा पुष्कळदां गेलेल्या जमिनींच्या मोबदल्यांतलाच असे. १८९५ मध्यें मुलें शाळेंत घालण्यास व सरकारी शेतीव्यवस्थेस विरोध करणारे १९ होपी पुरुष अल्काट्राझ बेटावरील लष्करी तुरुंगांत होते. पुढें १९२८ च्या मेरियम अहवालानें या शाळांतील अपुरें अन्न व मुलांकडून करविली जाणारी मजुरी उघडकीस आणली. राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनीं या शाळांबद्दल जाहीर क्षमा मागितली ती २०२४ सालीं.

१७४४ मध्यें जो नकार वृत्तांतांत सभ्यपणें नोंदला गेला, तोच १८९५ मध्यें अपराध ठरला. पुस्तक नाहीं तेथें शिक्षण नाहीं, हा समज दोन्ही वेळां एकच होता. मधल्या दीडशें वर्षांत फिरलें तें बळाचें पारडें.