परळचा पखवाज, गावची माटवी

कोकणातला घरगुती गणपती आज जसा दिसतो, तसा तो जितका गावच्या पडवीत घडला तितकाच परळ-लालबागच्या चाळींत घडला. मूर्ती, मोदक, आरती हे सगळं जुनंच. पण एरवी दोन म्हाताऱ्या माणसांनी सांभाळलेलं घर पाच-सात दिवस माणसांनी भरून जाणं, रात्र रात्र वाडीतून भजन फिरणं, मुंबईत वाढलेल्या पोरांनी आजोबांच्या मागून डोंगर चढणं, या सगळ्याला आजचं रूप दिलं ते पोटासाठी गाव सोडलेल्या माणसांनी.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणी उभारायला घेतली आणि दोन वर्षांनी तिचं काम सुरू झालं. गिरण्या वाढत गेल्या तसा त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून माणसांचा ओघ लागला. आजचा सिंधुदुर्गही तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. घरचं भात वर्षभर पुरत नव्हतं आणि खोत नावाच्या वतनदाराला द्यायचं अर्धेल, म्हणजे पिकाचा अर्धा वाटा, चुकत नव्हतं. खोती मोडण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मांडलं, पण कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तोवर कोकणी माणूस परळ-लालबागच्या गिरणगावात रुळून गेला होता. पुरुष साच्यावर, बायकामुलं गावी. एकाच गावची माणसं मिळून एक खोली घ्यायची, पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपायची आणि खानावळीत जेवायची.

या खोल्यांतच भजन वाढलं. पाळी सुटल्यावर करमणूक म्हणजे पेटी, पखवाज, टाळ आणि कुणीतरी जाणता बुवा. गावाच्या नावाचं मंडळ झालं, मंडळाची तालीम सुरू झाली. दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना सवाल घालतात ती डबलबारी गिरणगावात रंगली. कुणब्यांची जाखडीही तशीच मुंबईला आली. मध्ये गाणारा आणि ढोलकीवाला, भोवती पायात चाळ बांधून गोल फिरणारे नाचे, आणि दोन पक्षांत शक्ती-तुऱ्याचा सामना. मुंबईकरांनी कोकणातल्या घरगड्यांच्या कानातल्या बाळ्या बघून तिला ‘बाल्या नाच’ म्हटलं. त्या हेटाळणीला न जुमानता ही कला परळच्या दामोदर नाट्यगृहापर्यंत पोहोचली. शहराने माणसाची भाषा, कपडे, जेवणाची वेळ सगळं बदललं. गाणं मात्र त्याच्याच गावचं राहिलं.

मग भाद्रपद जवळ यायचा. मालकाकडून रजा मिळवणं हे एक दिव्य, आणि गावी पोहोचणं दुसरं. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जात. पुष्कळ ठिकाणी बोट किनाऱ्याला लागत नसे. लाटांवर हेलकावणाऱ्या पडावात ट्रंक आणि पोर आधी उतरवायचं, मग आपण. त्यातून पावसाळ्यात दक्षिण कोकणची बोट बंद. गणपती लवकर आले की बोटीचा भरवसा नसायचा. पुढे एसटी आली आणि घाटांतून, कशेडी-परशुराममार्गे, गणपतीच्या जादा गाड्या धावू लागल्या.

एवढा आटापिटा करून माणूस जायचा, कारण गणपती त्याच्या एकट्याचा नव्हता. भावाभावांत चुली वेगळ्या झाल्या तरी गणपती मूळ घरातच बसायचा आणि खर्चाची पाळी भावांनी वाटून घ्यायची. जमिनीवरून बोलणं तुटलेले भाऊही आरतीला एका ओळीत उभे राहायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गौर यायची, कित्येक घरांत तेरड्याच्या रोपांचीच, आणि तिच्याबरोबर माहेरवाशिणी. नव्या सुनेचा ओवसा, सुपात भरलेली फळं-भाज्या, नंतर उशिरापर्यंत झिम्मा-फुगडी. नवरा मुंबईला आणि आपण सासरी, अशी वर्षं काढणाऱ्या बाईला मन मोकळं करायला एवढीच जागा होती. पुरुषांच्या भजनाचं जेवढं कौतुक झालं, त्याच्या पावपटही या गाण्यांचं झालं नाही, आणि हा अन्याय आहे.

या सणातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे माटवी. गणपतीच्या डोक्यावर छताला एक लाकडी चौकट टांगतात; गोव्यात तिला माटोळी म्हणतात. तिला बांधायचं सामान दोन ठिकाणचं. नारळ, सुपारीचा घोस, तवसं, चिबूड, तोरिंजन हे परसातलं. बाकीचं रानातलं: लालभडक कवंडळं, शेरवडाची पांढरी पानं, कातळावरची हरणं, तेरडा, कळलावीची ज्वाळेसारखी फुलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आणि त्याआधीही घरातली मोठी माणसं पोरांना घेऊन पावसात राईत, कातळावर, वहाळाच्या काठाने फिरायची. कवंडळाची वेल कुठल्या झाडावर चढते, कळलावीचा कंद का विषारी, कुठलं फूल सकाळी तोडलं तर संध्याकाळपर्यंत टिकतं, हे सगळं या भटकंतीत कळायचं. वनस्पतीशास्त्राचा याहून चांगला वर्ग कोकणात कधी भरला नाही. फी नाही, पुस्तक नाही, आणि चुकीचं फळ उचललं की आजोबांची थाप.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि कित्येकांनी कायमचं गाव गाठलं. गिरण्या गेल्या, खोल्या विकल्या गेल्या, कुटुंबं डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याला पांगली. मंडळं मात्र राहिली आणि गणपतीला जाणंही राहिलं. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा पूर्वीचा खडतर प्रवास सोपा झाला. आता आरक्षण उघडलं की काही मिनिटांत गाड्या भरतात. २०२० मध्ये करोनामुळे गावात गेल्यावर विलगीकरणात राहण्याची अट होती. ती पाळूनही अनेक जण गेले.

वाद्यांची वाट बरी चालली आहे. गोव्यातल्या आरतीत घुमणारं घुमट पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवत. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, बकऱ्याचं कातडं आलं, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. भजनालाही मुलं बसतात, डबलबारीला गर्दी होते. माटवीची स्थिती तशी नाही. गोव्यात सरकारी माटोळी स्पर्धा होतात, हे चांगलंच. पण काजू-आंब्याच्या बागांसाठी राई तुटल्या, कातळ खणले गेले आणि गावागावांत माटवीचं सामान आता बाजारातून येतं. बाजारात मिळतो तो बांधलेला जुडगा; त्यातल्या कुठल्या वेलीचं नाव काय, ती कुठे उगवते, हे विकत मिळत नाही.

म्हणून यंदा गावी जाणाऱ्यांना एक विनंती. शक्य असेल तर एक दिवस आधी निघा. बाजारात जाण्यापूर्वी घरातल्या सर्वांत जुन्या माणसाला बरोबर घेऊन मुलांसह डोंगरावर जा, त्यांच्याकडून प्रत्येक वेलीचं नाव ऐका आणि ते वहीत लिहून ठेवा.