बर्मिंगहॅमची कॅरिबियन वस्ती : छायाचित्रांतील इतिहास

परमुलखात जाऊन वसलेल्या समाजाचा इतिहास लिहू जावे, तर सरकारी दप्तरांत कागद पुष्कळ सापडतात. पण त्या कागदांत त्या समाजाची मोजदाद असते, त्याच्याविषयीच्या तक्रारी असतात, त्याचा चेहरा मात्र क्वचितच दिसतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरी वसलेल्या कॅरिबियन लोकांच्या बाबतीत ही उणीव छायाचित्रांनी बऱ्याच अंशी भरून काढली आहे. ती कशी, हे पाहण्याजोगे आहे.

१९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याने वसाहतींतील प्रजेला ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा हक्क होता. त्याच वर्षी २२ जून रोजी ‘एम्पायर विंडरश’ या बोटीतून शेकडो कॅरिबियन प्रवासी टिलबरी बंदरात उतरले. पुढे १९६२ च्या कायद्याने या आगमनावर निर्बंध येईपर्यंत हा ओघ वाढतच गेला. महायुद्धानंतर कारखाने, बसगाड्या व इस्पितळे यांना माणसे हवी होती, आणि बर्मिंगहॅम तर कारखान्यांचेच शहर.

त्या शहरातील बॉल्सॉल हीथ भागात अर्नेस्ट डाइच यांचा स्टुडिओ होता. पूर्वी ते रंगभूमीवरील कलावंतांची छायाचित्रे काढीत. १९५० नंतरच्या दोन दशकांत त्यांच्याकडे आणि त्यांच्या मुलाकडे नवी गिऱ्हाइके येऊ लागली. ती कॅरिबियन बेटांतील होती, तशीच भारत व पाकिस्तान येथीलही होती. अंगावर उत्तम पोशाख घालून काढलेले हे फोटो घरी, समुद्रापार पाठवावयाचे असत. आपले बरे चालले आहे, एवढेच त्यांना सांगावयाचे असे. भाड्याची कोंदट खोली, पाळीचे काम, ‘काळ्यांना जागा नाही’ ही पाटी यांतले त्यांत काहीच येत नाही. म्हणून हे फोटो खोटे ठरत नाहीत. माणूस आपल्या माणसांना काय कळवू इच्छितो आणि काय झाकू इच्छितो, याचे ते अस्सल साधन होय.

दुसरा प्रयोग १९७९ चा. डेरेक बिश्टन, ब्रायन होमर व जॉन रीअर्डन या तीन गौरवर्णी छायाचित्रकारांनी हँड्सवर्थ भागातील ग्रोव्ह लेनवर, भर पदपथावर, पांढरा पडदा लावून कॅमेरा उभा केला. कळ मात्र त्यांनी आपल्या हाती ठेवली नाही. लांब तारेच्या टोकाशी असलेली ती कळ समोर उभ्या राहणाऱ्याच्या हाती दिली. आपण केव्हा व कसे दिसावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पाचशेंहून अधिक लोकांनी अशी आपली छबी आपणच टिपली. वर्तमानपत्रांतून हँड्सवर्थचे नाव बहुधा गुन्हे व दंगे यांच्या संदर्भात येई. त्याला दिलेले हे शांत उत्तर होते.

तिसरे आणि सर्वांत मोठे कार्य व्हॅन्ली बर्क यांचे. १९५१ साली जमैकात जन्मलेल्या या मुलाला दहाव्या वाढदिवशी इंग्लंडात गेलेल्या आईकडून कोडॅक ब्राउनी कॅमेरा भेट मिळाला. इतरांचे फोटो इंग्लंडहून बेटांकडे जात होते. येथे कॅमेराच त्या वाटेने गेला. १९६५ साली बर्क हँड्सवर्थला आले आणि थोड्याच काळात त्यांनी आपल्या लोकांची चित्रे घेण्यास आरंभ केला : लग्ने, अंत्ययात्रा, प्रार्थना, शाळकरी मुले, मोर्चे. १९७० सालचे त्यांचे एक चित्र प्रसिद्ध आहे. हँड्सवर्थच्या बागेत एक कृष्णवर्णी मुलगा आपल्या सायकलसह उभा आहे, आणि सायकलीला ब्रिटनचा ध्वज लावलेला आहे. दोनच वर्षांपूर्वी, एप्रिल १९६८ मध्ये, याच शहरात इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्धचे आपले कुप्रसिद्ध भाषण केले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या साध्या चित्राचे वजन कळते. १९८३ साली भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनाच्या नावाचाच अर्थ ‘हँड्सवर्थ, आतून’ असा होता. आज त्यांचा संग्रह, डाइच यांच्या संग्रहाप्रमाणेच, बर्मिंगहॅमच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे.

यांतील कोणतीही एक पद्धत पूर्ण सत्य देत नाही. स्टुडिओत सण दिसतो, पदपथावर एक क्षण दिसतो. बर्क यांच्या चित्रांत मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे रोजचे जगणे येते. तिन्ही एकत्र ठेवून वाचली, तरच समाज उभा राहतो.

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. बालपणी कायदेशीरपणे ब्रिटनमध्ये आलेल्या अनेक वृद्धांना कागद नाहीत म्हणून परके ठरविले जात असल्याचे २०१८ साली उघड झाले. कोणाची नोकरी गेली, कोणाचे औषधपाणी थांबले, कित्येकांना देशाबाहेर घालविले गेले. त्यांच्यापैकी अनेकांच्या आगमनाची नोंद असलेली जुनी कार्डे ब्रिटनच्या गृहखात्याने २०१० सालीच नष्ट केली होती. दप्तर सरकारचे असले की ते ठेवण्याचा अधिकार सरकारचा, आणि जाळण्याचाही. ज्या समाजाने आपली साधने आपण जपली, त्याचा इतिहास तेवढा तरी दुसऱ्याच्या मर्जीवर राहत नाही.